चढाला दम सोडणारं सायकल-इंजिन : थंड असताना ठीक, तापलं की ताकद गायब

शिवारकर_येळ्ळूर
नमस्कार मंडळी. सायकलला बसवलेल्या दोन-स्ट्रोक इंजिनाबद्दल मदत पाहिजे. किट नेहमीचंच, विकणारे ज्याला ८० सीसी म्हणतात ते. बोअर ४७ मिमी आणि स्ट्रोक ३८ मिमी, म्हणजे हिशेब केला तर ६६ सीसीच भरतात. पेट्रोलमध्ये टू-टी तेल २५ ला १ घालतो. मागचं स्प्रॉकेट ४४ दात्यांचं. सायकल घरची जुनी, काळी, दणकट.

सकाळी इंजिन थंड असताना झकास ओढतंय. भाजीची बुट्टी मागं बांधून वडगावपर्यंत काही तक्रार नाही. खरं परत येताना बुट्टी रिकामी असली तरी चढ आला की दम सोडतंय. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी वेग कमीच होत जातोय, शेवटी पायडल मारावं लागतंय. सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. राजहंसगडाच्या रस्त्याला मुद्दाम घालून बघितलं, तिथं तर अर्ध्या चढातच बसलं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी इंजिन न उघडताच 'ब्लॉक-पिस्टन नवीन घालावं लागतंय' म्हणून सांगितलं. एवढ्या खर्चात पडायच्या आधी विचारतोय, कुठून बघायला सुरुवात करू?

निपाणीकर
पिस्टनची रिंग गेली भावा. माझ्या इंजिनाचं पण असंच झालं होतं. रिंग बदलली, आता तवंदी घाट आरामात चढतंय. जास्त विचार करू नको.

खानापूरचा_मिस्त्री
निपाणीकर, रिंग असू शकते, खरं आधी खात्री करू द्या की. रिंग झिजलेलं इंजिन सकाळी पण चढाला हलकं वाटतं. सकाळी झकास आणि तासाभरानं मेलेलं, असा फरक फक्त रिंगेनं पडलेला मी क्वचित बघितलाय. लुना, टीव्हीएस ५० च्या काळापासून दोन-स्ट्रोक इंजिनं हाताखालून गेलीत. ताकद कुठं गेली यापेक्षा कधी जाते ते आधी विचारायचं, अर्धं काम तिथंच होतं.

शिवारकर, स्पॅनर हातात घेऊ नका अजून. पुढच्या वेळी दम सोडला की तिथंच थांबून एवढं बघा. ताकद हळूहळू उतरते की झटके मारत एकदम तुटते? इंजिनाचा आवाज चढतो आणि सायकल मागं राहते, की दोन्ही बरोबरच खाली येतात? टाकीचं झाकण सैल केलं तर काही फरक पडतो का? चालत्या गाडीत चोक अर्धा ओढला तर? आणि क्लच ओढून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन लगेच शांत होतंय, की थोडा वेळ तसंच पळत राहतंय? हा शेवटचा प्रश्न विसरू नका.

आणि घरी परत आल्यावर, इंजिन तापलेलं असतानाच, क्लच ओढून सायकल ढकलून बघा. ब्रेक शू चिकटत असेल किंवा चेन आवळून बसली असेल तर तिथंच कळतंय. चेन मधोमध दाबली की अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. या किटांत मागचं स्प्रॉकेट आऱ्यांवर रबर घालून बसवतात, ते जरा जरी वाकडं असलं तर चेन एका जागी सैल आणि एका जागी घट्ट होते. चाक पूर्ण फिरवून बघा.

अनगोळ_इलेक्ट्रिकल
मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते, म्हणून स्पार्कच्या बाजूनं सांगते. मॅग्नेटोची (इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज तयार करणारा भाग) कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापल्यावर दगा देतात हे खरं आहे. आतली तार कुठंतरी तुटायला आलेली असते, तापून फुगली की सुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. पण त्यात इंजिन सहसा ठोके चुकवतं, फटफट करतं किंवा सरळ बंद पडतं. मऊ होत जाणं हे लक्षण स्पार्कचं कमी, हवा-पेट्रोलचं जास्त.

तरी खात्री करून घ्या. दम सोडला की लगेच प्लग काढून, त्याचं अंग सिलिंडर हेडला टेकवून पायडलनं इंजिन फिरवा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी आणि जाड दिसली पाहिजे. सकाळची थंड ठिणगी आणि ही, दोन्ही बघून ठेवा. बंद करायच्या स्विचची वायर तात्पुरती सोडून पण एकदा गाडी चालवून बघा, पावसाळ्यानंतर त्या स्विचमधून आतल्या आत करंट गळतो. किटबरोबर येणारा प्लग आणि त्याची टोपी दोन्ही हलकी असतात. एनजीकेचा बी६एचएस बसतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा.

शिवारकर_येळ्ळूर
ताई, मिस्त्री काका, सगळं बघून आलो.

ताकद हळूहळू उतरते, झटके नाहीत. आवाज आणि वेग बरोबरच खाली येतात, म्हणजे क्लच घसरत नाही. ठिणगी तापल्यावर पण निळी आणि जाड. स्विचची वायर सोडून चालवलं, फरक नाही. टाकीचं झाकण सैल करून काही झालं नाही. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडलं, धार सारखी येतेय. चाक मोकळं फिरतंय, चेन ठीक.

आता दोन गोष्टी. चोक अर्धा ओढला की ताकद परत येतेय! पूर्ण नाही, खरं चढ चढण्याइतकी. आणि तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तर इंजिन लगेच खाली येत नाही, भणभणत राहतं, मग हळूहळू उतरतं. थंड असताना असं करत नाही. प्लग काढला तर टोक पांढरं फटक.

कॉम्प्रेशन गेज मित्राकडून आणून ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजलं. थंड इंजिनाला १०५ पीएसआय, तापल्यावर १००.

निपाणीकर
मग रिंग नाही. एवढ्या छोट्या इंजिनाला १०० म्हणजे चांगलं आहे. माझा अंदाज मागे घेतो.

चिकोडी_ऊसपट्टा
पांढरा प्लग म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. याचं कारण पेट्रोलमध्ये आहे. आमच्याकडचे साखर कारखाने ज्यासाठी इथेनॉल काढतात ते ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आता सगळीकडेच मिळतंय. इथेनॉलमध्ये वजनाच्या ३५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, म्हणून जळायला बाहेरची हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एक भागाला साडेचौदा-पावणेपंधरा भाग हवा, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर तेच मिश्रण आपोआप पातळ होतं. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घाला, काम झालं.

खानापूरचा_मिस्त्री
चिकोडीकर, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि ई२० ची गोष्ट मी पण मान्य करतो. खरं इथं जेट मोठा करायला मी ठामपणे नको म्हणेन.

ई२० मुळं मिश्रण पातळ झालं तर ते सकाळपासूनच पातळ असणार. आणि आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथं हवा विरळ, त्यामुळं समुद्राकाठच्या मापानं लावलेला कार्बोरेटर इथं उलट थोडा जाडच चालतो. (इथं कमी करून घेतलेला जेट घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्याकडं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, खाली हवा दाट होते आणि तेच इंजिन पातळ चालून चिकटतं.) म्हणजे पेट्रोलनं जेवढं पातळ केलं त्यातलं बरंचसं उंचीनं भरून काढलंय.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर भणभणत राहणं, आणि तेही फक्त तापल्यावर, हे लक्षण मी पहिल्यापासून शोधत होतो. कार्बोरेटरची वाट सोडून हवा दुसरीकडून आत शिरते आहे. दोन-स्ट्रोकात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते आणि त्या ओढीनं पेट्रोल-हवा आत येते. क्रँककेसला कुठंही फट असली की त्याच ओढीनं नुसती हवा येते, पेट्रोल नाही आणि तेलही नाही. मिश्रण पातळ, इंजिन गरम, आणि तेल कमी पोचल्यामुळं पिस्टनला धोका. आता जेट मोठा केला तर पेट्रोल वाढून लक्षण झाकलं जाईल, फट तशीच राहील आणि वाढत जाईल. मग एका दिवशी चढावर पिस्टन चिकटेल. मी असे सिलिंडर बघितलेत, एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडलेले.

जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटर आणि तो ज्यावर बसतो त्या नळीचा जोड, ती नळी आणि सिलिंडरमधलं गॅस्केट, सिलिंडरखालचं गॅस्केट, क्रँककेसचा मधला जोड आणि क्रँकची दोन ऑइल सील (शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी कड्या). तापल्यावरच होतंय म्हणून मला सीलचा संशय जास्त येतोय. कडक झालेलं रबर थंड असताना शाफ्टला टेकतं, तापल्यावर सोडतं.

आणि एक विनंती. चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारून फट शोधायची सवय काही पोरांना आहे. तापलेलं सायलेन्सर शेजारी असताना ते करू नका, पेट घेतं. साबणाचं पाणी वापरा.

तिसरं_गेट
धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येबाहेर राहतं. ६६ सीसी त्यात बसत नाही. रस्त्यावर चालवायचं तर नोंदणी, विमा, लायसन हे सगळं लागू होतं. अपघात झाला तर विम्याशिवाय माणूस उघड्यावर पडतो, म्हणून लिहिलं.

शिवारकर_येळ्ळूर
बरं झालं सांगितलंत, या बाजूनं कुणी कधी बोललं नव्हतं. सध्या शिवारातल्या वाटेपुरतीच ठेवतो आणि कागदाचं काय होऊ शकतं ते चौकशी करतो.

काका, सील कसं तपासायचं? ते तर आत मॅग्नेटोच्या मागं आहे.

उद्यमबाग_लेथ
हे माझ्या कामातलं आहे, सविस्तर लिहितो. इंजिन न खोलता, फक्त दाब भरून तपासायचं.

सायलेन्सर काढा. एक्झॉस्टच्या दोन स्टडवर बसेल अशी पत्र्याची पट्टी कापा, तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला आणि नट आवळा. झालं ते तोंड बंद. कार्बोरेटर काढा, खरं ज्या नळीवर तो बसतो ती नळी काढू नका, नाहीतर तिचं गॅस्केट तपासायचं राहून जाईल. नळीच्या तोंडात रबरी बूच ठोका आणि वरून ट्यूबचा तुकडा क्लिपनं आवळा. प्लगच्या जागी हवा भरायची सोय पाहिजे. जुना प्लग घेऊन त्यातली चिनी माती फोडून काढायची, राहिलेल्या लोखंडी अंगात ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून बसवायचा. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे थोड्या वेळात होतंय. व्हॉल्व्हमधली पिन काढून टाका. पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेस आणि सिलिंडर जोडणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि सिलिंडरमधला दाब क्रँककेसमध्ये पोचतो.

आता महत्त्वाचं. सायकलच्या पंपानं हवा भरू नका. इथं फक्त ५ ते ६ पीएसआय पाहिजे. जास्त दाब दिला तर चांगलं सील पण जागेवरून बाहेर सरकतं. आम्ही रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल वापरतो. तो डायल ३०० मिमी पाऱ्यापर्यंत असतो, म्हणजे ५.८ पीएसआय, अगदी पाहिजे तेवढाच. दंडाची पट्टी काढून नळी व्हॉल्व्हला जोडायची. फुगा दाबत ३०० वर न्या आणि घड्याळ बघा. मिनिटाला ५० पेक्षा कमी उतरला तर इंजिन घट्ट आहे. भराभर उतरला तर साबणाचं पाणी ब्रशनं एकेका जोडावर लावत जा. आधी तुमच्या स्वतःच्या पट्टीला आणि बुचाला लावा, बऱ्याच वेळा गळती तिथंच असते आणि माणूस उगीच इंजिनात शोधत बसतो.

मॅग्नेटोचं झाकण काढून रोटरच्या मागं पाणी जाईल असं बघा. दुसऱ्या बाजूला क्लचचं झाकण काढून छोट्या गिअरच्या मागं. आणि इंजिन कोमट असताना तपासा. तुमचा आजार तापल्यावरचा आहे, पूर्ण थंड इंजिनावर तो लपून राहील.

शिवारकर_येळ्ळूर
दादा, सापडलं!

रक्तदाबाचं जुनं यंत्र घरातच पडून होतं. प्लगला व्हॉल्व्ह उद्यमबागेत बसवून घेतला. सकाळी थंड इंजिनावर ३०० वर नेलं तर काटा हळूहळू उतरत होता, शंका यावी एवढंच. मग सगळं पुन्हा जोडून इंजिन चालवून तापवलं, हाताला सोसेल इतकं निवू दिलं आणि पुन्हा लावलं. यावेळी काटा डोळ्यांदेखत खाली आला. पट्टीला बुडबुडे नाहीत, बुचाला नाहीत, नळीच्या गॅस्केटला नाहीत. मॅग्नेटोच्या रोटरमागं ब्रश फिरवला तर शाफ्टच्या खालच्या अंगाला बारीक फेस यायला लागला. आधी मोहरीएवढे दाणे, मग एक मोठा बुडबुडा फुगून फुटला, परत दुसरा. वरच्या अर्ध्या भागात काहीच नाही, फक्त खालीच.

रोटरच्या आसपास काळं तेलकट पण दिसतंय. आधी ते धुळीचं वंगण समजत होतो.

उद्यमबाग_लेथ
मस्त! तेलकट काळं म्हणजे तिथूनच श्वास चालू होता. ओढ असताना हवा आत, दाब असताना तेल-पेट्रोल बाहेर.

खरं थांबा. फक्त खालच्याच बाजूला बुडबुडे आले, हे मला काळजीचं वाटतंय. सील बदलायच्या आधी रोटरला दोन बोटांनी धरून वर-खाली हलवून बघा. मेन बेअरिंगमध्ये खेळ असेल तर शाफ्ट एका बाजूला दाबतो, नवीन सील पण लवकरच तसंच झिजेल. रोटर बाजूच्या कॉइलच्या पत्र्यांना घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का तेही बघा.

शिवारकर_येळ्ळूर
हलवून बघितलं, खेळ जाणवत नाही. घासल्याच्या खुणा नाहीत. पायडलनं हळू फिरवताना बेअरिंगची खरखर पण नाही.

खानापूरचा_मिस्त्री
मग सीलच घ्या. रोटर काढायला पुलर वापरा, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायला गेला तर कॉइलची तार तुटेल. जुनं सील काढल्यावर शाफ्टवर जिथं त्याचा ओठ टेकत होता तिथून नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. खाच बारीक असेल तर नवीन सील मिलिमीटरभर मागं-पुढं बसवायचं, ओठ नव्या जागेवर टेकतो. स्प्रिंग दिसते ती बाजू क्रँककेसच्या आत. ओठाला टू-टी तेल लावा आणि सॉकेटनं चारी बाजूंनी सारखं ठोकून बसवा.

सायलेन्सर काढलेलंच आहे तर त्यातली कार्बनची काजळी पण साफ करून टाका. शेवटची टोपी काढून आतली जाळी बाहेर येते. लुनाच्या काळी आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायचो, हातमोजे घालून. एक्झॉस्ट पोर्टमधला थर काढायचा तर पिस्टन खाली ठेवून लाकडी काडीनं खरवडा, लोखंड लावू नका.

शिवारकर_येळ्ळूर
काम झालं. शाफ्टवर खाच होती, नख जेमतेम अडकत होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे सील किंचित बाहेर बसवलं. जुन्या सीलचा ओठ प्लास्टिकसारखा कडक झाला होता, दाबला तर खालच्या बाजूला चिरच गेली. दाबाची परीक्षा कोमट इंजिनावर पुन्हा घेतली, मिनिटभरात काटा जेमतेम हलला.

वडगावचा फेरा मारून आलो, वर राजहंसगडाचा चढ पण घेतला. पायडल लागलं नाही. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन लगेच खाली येतंय. प्लगचा रंग आता फिकट चॉकलेटी. मधल्या वेगात अजून जरा फिकट वाटतो.

चिकोडी_ऊसपट्टा
आता माझ्या ई२० च्या हिशेबाला जागा आहे बघा. फट बुजली, आता जे थोडं पातळ राहिलंय ते पेट्रोलचं. मधल्या वेगाला जेट नको, कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घाला. सुई वर उचलली जाते आणि मिश्रण जाड होतं. आणि पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ पडली असेल तर इथेनॉल चालणारी घ्या. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच.

खानापूरचा_मिस्त्री
यावर माझी हरकत नाही, क्लिप एकच खाच. बदलल्यावर चढाला पूर्ण ॲक्सिलरेटरवर इंजिन घुमसटतंय का बघा.

निपाणीकर
ते रक्तदाबाचं यंत्र आमच्या गॅरेजवाल्याला दाखवलं, त्यानं लगेच करून घेतलं. शिवारकर, सील कुठलं घेतलं? माझ्या इंजिनाला पण आता हीच परीक्षा लावणार आहे.

शिवारकर_येळ्ळूर
जुनं सील खिशात घालून बेअरिंगच्या दुकानात गेलो, वर छापलेली तिन्ही मापं बघून त्यांनी जोड काढून दिला. दोन प्रकारची होती, साधं नायट्राइल आणि व्हायटॉन. उष्णता आणि इथेनॉल दोन्हीला व्हायटॉन जास्त टिकतं म्हणून तेच घेतलं, महाग आहे खरं. क्लचच्या बाजूचं पण एक आणून ठेवलंय, पुढच्या वेळी ते झाकण उघडेन तेव्हा घालणार.